बिनधुराची शेगडी

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा नुकताच परदेशी गेला असेल, कुणाची लेक दिल्ली-चंदीगडकडे दिली असेल. थंडीच्या दिवसांत फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असणार, "थंडी किती आहे गं तिकडं? स्वेटर घालतेस ना?" मीही हेच विचारायची. आता मात्र मी आधी दुसरंच विचारते, "खोली कशानं गरम करता? आणि त्याचा धूर जातो कुठं?" माझी सून पहिल्यांदा हसली होती. आता हसत नाही. का हसत नाही, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठी थोडं मागं, १९७९ सालच्या हिवाळ्यात जावं लागेल.

मी कुंडलची. आमच्याकडे थंडी पडत नाही असं नाही. पौषातल्या पहाटे विहिरीवर गेलं की हात बधिर व्हायचे. पण ती थंडी पाहुण्यासारखी. ऊन डोंगरावर आलं की निघून जाणार. तेवढ्यापुरतं परसात तांब्याचा बंब पेटायचा, अंगणात चिपाडांची शेकोटी व्हायची, रात्री अंगावर वाकळ नाहीतर घोंगडं. खोली गरम करायची असते, ही गोष्टच आम्हाला ठाऊक नव्हती. चूल घरात होती, पण छपरात धूर जायला साणं होतं, कौलांतून फटी होत्या, आणि दार तर दिवसभर उघडंच. धूर डोळ्यांत गेला की सासूबाई ओरडायच्या, "अगं, दार लोट की मागं!" डोळे चोळत दार उघडायचं, की झालं. धुराला आम्ही शिव्याच घालायचो. पण तो आमचा राखणदार होता, हे पुढं कळलं.

आमच्या सांगली जिल्ह्यातला गलाईचा धंदा तुम्हाला ठाऊक असेल. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सराफी पेठ आहे तिथं आमचा एखादा माणूस भट्टी लावून बसलेला असतोच. आमचे हेही त्यातलेच. लग्नानंतर दोन वर्षांनी मला नि दीड वर्षाच्या लेकीला घेऊन अमृतसरला आले. किर्लोस्करवाडीला गाडीत बसलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण छाती काढून बसले होते. प्रतिसरकारचं गाव आमचं, घाबरणं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही!

जुन्या शहरात, सराफी गल्लीच्या मागं, एका वाड्यात वरच्या मजल्यावर आम्हाला एक खोली मिळाली. एक दार, एक खिडकी. दिवाळी झाली आणि थंडी उतरली. जानेवारीत तिकडं रात्रीचा पारा तीन-चार अंशांवर येतो, धुकं इतकं की गल्लीचं दुसरं टोक दिसत नाही. पाण्यात हात घातला की बोटं तुटतील असं वाटे. आमची वाकळ म्हणजे तिथं नुसती चादर! पहिल्याच पगारात ह्यांनी रजई भरून आणली. तरी लेक रात्रभर खोकायची.

शेजारी एक वयस्क सरदारणी राहायच्या. सगळे त्यांना बीजी म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या, अंगीठीकडे बोट दाखवून पंजाबीत काहीतरी बराच वेळ सांगत राहिल्या. अंगीठी म्हणजे आपली कोळशाची शेगडी. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण 'कळलं नाही' म्हणायची लाज वाटली. मी मान डोलावली, "हां जी, हां जी" म्हटलं आणि चहा टाकला. बायांनो, परक्या ठिकाणी आपली पहिली चूक हीच होते. न कळता मान डोलावतो.

ती रात्र मला तारखेनिशी आठवत नाही, संक्रांतीच्या आसपासची होती एवढंच. लेकीचा खोकला वाढला होता. ह्यांनी दुकानातून चांगला कोळसा आणला. मी तो बाहेर सज्जात पेटवला, धूर पार सरेपर्यंत वारा घातला. कोळसे लालभडक झाले, धुराचं नाव नाही. मनात म्हटलं, धूर नाही, आता घरात घ्यायला काय हरकत? शेगडी आत घेतली, दार-खिडकी लावली. दाराखालून वारा येत होता, तिथं जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. खोली इतकी छान उबदार झाली, की कुंडल सोडल्यापासून पहिल्यांदा मला घरी असल्यासारखं वाटलं. लेक खोकायची थांबली. मी देवाला हात जोडले आणि झोपले.

खोकायची का थांबली, ते आता कळतं. आजही ती आठवण आली की पोटात खड्डा पडतो.

पहाटे ह्यांना लघवीला जाग आली. डोकं फुटतंय असं वाटत होतं म्हणे. कसंबसं दार उघडलं आणि तिथंच उंबऱ्यावर कोसळले. बीजी चार वाजता उठून गुरुद्वारात जायच्या. त्यांनी धप्पकन आवाज ऐकला. मला जाग आली तेव्हा मी सज्जात उघड्यावर पडले होते. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. बीजींच्या मांडीवर माझी लेक होती, मान टाकलेली. त्या तिच्या पाठीवर थापट्या मारत होत्या, तोंडानं वाहेगुरू वाहेगुरू चाललं होतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग लेक रडली. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. बंद खोलीत कोळसा जळत राहिला की हवा पुरत नाही, मग त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. निखारा लाल आणि स्वच्छ दिसतो तेव्हाही तो निघतच असतो. आपल्या रक्तातल्या ज्या द्रव्याला प्राणवायू चिकटतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. रक्त फिरत राहतं, पण प्राणवायू पोचत नाही. माणसाला गुंगी येते, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. ह्यांनी दार उघडलं आणि ते उघडं राहिलं, म्हणून आम्ही तिघं वाचलो.

डॉक्टर म्हणाले, "दिनभर भट्टी पर काम करते हो, फिर भी?" खरंच होतं. दुकानातल्या भट्टीला धुराडं होतं. पण घरच्या शेगडीलाही ते हवं, हे त्यांनाही सुचलं नाही नि मलाही.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची. पुढची मात्र माझी.

गावाकडं मी पत्र टाकलं, 'येथील सर्व खुशाल.' लिहिणार तरी काय? सासूबाई म्हणाल्या असत्या, पोरीला मारायला नेलंस काय? भावकीत बोलबाला झाला असता. हेही म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." आम्ही दोघांनी तोंडं शिवून घेतली. बीजींनी मात्र आम्हाला शिकवलं. शेगडी बाहेर सज्जात, माणसं रजईत. झोपण्याआधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी, मुलाला आत फ्लॅनेलचं बंडीझबलं, वर लोकरीचं. ऊब खोलीला नको, अंगाला हवी.

पुढच्या हिवाळ्यात आमच्याच भागातली दोन पोरं दुसऱ्या एका गलाईच्या दुकानात धंदा शिकायला आली. एक सोळाचा, एक अठराचा. दुकानाच्या माळ्यावर झोपायची. रविवारी माझ्या हातची भाकरी खायला यायची, मला वैनी म्हणायची. एका रात्री त्यांनी तेच केलं. निखारे आत घेतले, झडप लावली. सकाळी मालकानं झडप फोडून काढलं. दोघंही वाचली. पण धाकट्याला आठवडाभर शुद्ध-बेशुद्धीत काढावा लागला, आणि पुढं कितीतरी महिने त्याच्या ध्यानात काही राहायचं नाही.

तार गेली, त्याची आई आली. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलेली बाई. माझ्याकडेच उतरली. दवाखान्यात तिला कुणाकडून तरी आमची गोष्ट कळली. घरी आल्यावर तिनं ना आरडाओरडा केला, ना शिव्या दिल्या. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मला विचारलं, "वैनी, तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

मी खाली बघितलं. काय सांगणार? ठावं होतं.

१९८३ साली आम्ही गावी परतलो. मुलं मोठी झाली, लग्नं झाली. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. थोरल्या लेकीलासुद्धा ती गोष्ट ठाऊक नव्हती. मी ती गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली होती म्हणा ना.

मग २०२२ सालच्या नोव्हेंबरात मी धाकट्याकडे इंग्लंडात गेले. तो, सून नि सहा वर्षांची नात त्याच उन्हाळ्यात लीड्सला राहायला गेली होती. लाल विटांचं, रांगेतलं जुनं भाड्याचं घर. दुपारी चारलाच अंधार! घर गरम करायला भिंतीला लोखंडी रेडिएटर. स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि ते नळ्यांतून रेडिएटरमध्ये फिरतं. शिवाय बैठकीच्या खोलीत जुन्या धुराड्यात बसवलेली गॅसची शेगडी. त्या वर्षी युक्रेनच्या युद्धामुळं तिकडं गॅसचे भाव आभाळाला भिडले होते. सूनबाई काटकसरी. सगळे रेडिएटर बंद ठेवून ती एकच खोली त्या शेगडीवर गरम करायची आणि तिघंही तिथंच बसायची, झोपायची.

पोचले त्याच संध्याकाळी ती मोठ्या कौतुकानं मला म्हणाली, "अहो आई, इथली घरं बघा ना! भिंतीत मुद्दाम जाळी ठेवलीय. बर्फासारखा वारा यायचा. मी टॉवेल कोंबून बंद करून टाकली."

मी त्या टॉवेलकडे बघितलं आणि मला अमृतसरच्या दाराखालचा माझ्या लुगड्याचा बोळा दिसला.

मी विचारलं, "तुझं डोकं दुखतं का गं हल्ली?"

"दुखतं ना. थंडीनं असेल. बाहेर फिरून आलं की बरं वाटतं."

"आणि पोरीचं?"

"ती शाळेत छान असते. घरी आली की मलूल होते, मळमळतं म्हणते."

"या शेगडीचा धूर कुठं जातो?"

ती हसली. "आई, गॅस आहे तो. त्याला कुठला धूर?"

मग मात्र मी माझं गाठोडं सोडलं. उठून आधी शेगडी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, टॉवेल ओढून काढला, आणि सगळ्यांना अंगणात नेऊन, कोट घालून कुडकुडत उभं राहून, बीजींपासून त्या पोराच्या आईपर्यंत सगळं सांगितलं. मुलगा माझ्याकडे नुसता बघत राहिला. आपली थोरली बहीण आपल्या जन्माआधीच हातची जायची होती, हे त्याला त्या रात्री कळलं. त्यानं तिथल्या गॅसच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. ब्रिटनमध्ये तो ०८०० १११ ९९९ असा आहे, दिवसरात्र चालतो. त्याच रात्री माणूस आला, शेगडीचा गॅस तोडला आणि वापरू नका अशी चिठ्ठी लावून गेला. तिघांचं रक्तही तपासून घेतलं. पुढं तज्ज्ञानं उघडून बघितलं, तर धुराड्यात पाखरांच्या घरट्याच्या काड्या अडकलेल्या. धुराची वाट अर्धी पाखरांनी बंद केली होती, आणि आत यायची हवा आमच्या सूनबाईंनी!

आणखी एक गंमत ऐका. हा वायू ओळखून ओरडणारी छोटी पांढरी डबी त्या घरात होती. ती अधूनमधून टिकटिक करते म्हणून सूनबाईंनी तिचा सेल काढून खणात ठेवली होती. ती टिकटिक म्हणजे सेल संपत आल्याची खूण. घराच्या कागदांत सगळं लिहिलेलं होतं. "वाचलं नाहीस?" म्हटलं, तर म्हणाली, "आई, वीस पानं होती. सही करून टाकली." मी काही बोलले नाही. मी तरी 'हां जी' म्हणून चहाच टाकला होता ना!

ज्यांची मुलंबाळं तिकडं नव्यानं राहायला गेलीत, त्यांच्यासाठी त्या दोन महिन्यांत कळलेल्या चार गोष्टी लिहिते. इंग्लंडात भाड्यानं घर घेतलं, तर घरातल्या गॅसच्या उपकरणांची दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणं घरमालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. त्याचा दाखला मागून घ्यायचा. मागण्यात उद्धटपणा नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर, गॅसची किंवा कोळशाची शेगडी अशी कायम बसवलेली वस्तू ज्या खोलीत आहे, तिथं ती ओरडणारी डबीही मालकानंच बसवून द्यायची आहे. स्वयंपाकाचा गॅस तेवढा यात धरत नाहीत. भिंतीतली जाळी कधी बुजवायची नाही. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी, आळशी झाली किंवा शेगडीभोवती काजळी धरली, तर वापरायची नाही. घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की उतरतंय, तर ती सर्दी नव्हे. आधी बाहेर पडायचं, मग फोन.

राहिली काटकसर. थंडीत घर निदान १८ अंश तरी उबदार असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर थोडं जास्त. बटण ३० वर फिरवलं म्हणून घर लवकर तापत नाही, नुसता गॅस जातो. रेडिएटर वरच्या बाजूला गारच राहिला तर आत हवा कोंडलेली असते. तो बंद करून गार झाला की त्याची छोटी किल्ली मिळते, तिनं हवा सोडायची. खाली फडकं धरायचं. रेडिएटरसमोर सोफा लावायचा नाही, सगळी ऊब सोफाच खातो. आणि ओले कपडे रेडिएटरवर वाळत घातलेत, वर आपल्या भाजी-आमटीची वाफ कोंडली, तर महिन्याभरात भिंतीला काळी बुरशी धरलीच म्हणून समजा. स्वयंपाक झाला की दहा मिनिटं खिडकी उघडायची. ऊब थोडी जाईल, जाऊ द्या.

तुम्ही म्हणाल, आम्ही कराड-सांगलीत राहणाऱ्या बाया, आम्हाला इंग्लंडच्या शेगडीचं काय? थांबा. लीड्सहून परत आले आणि कुंडलला भाच्याच्या नव्या बंगल्यात उतरले. न्हाणीघरात गुळगुळीत फरशी, घट्ट बसणारं दार, वर एवढीशी काचेची खिडकी, तीही बंद. आणि आतच भिंतीवर गॅसचा गीझर! तोही हवा पुरली नाही की तोच वायू सोडतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळं गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. पूर्वी आपला बंब परसात उघड्यावर होता. तो आपण आत घेतला, वर दाराला आतून कडीही लावली.

भाचेसुनेला मी तिथल्या तिथं सांगितलं. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घे. नळी आत आण. तोवर खिडकीची काच काढून टाक, दार उघडं ठेवून बादली भर, गीझर बंद कर आणि मग अंघोळीला जा. एकामागून एक सगळ्यांनी गीझर चालू ठेवून अंघोळी करायच्या नाहीत. मुलांनी आतून कडी लावायची नाही. तिला थोडा राग आला असावा. नव्या घरात आलेली आत्या वास्तूला नावं ठेवते, असं वाटलं असेल. वाटू दे. पुढच्या आठवड्यात गीझर बाहेर गेला.

बीजी आता नाहीत. त्या पोराच्या आईचीही पुढं भेट झाली नाही. पण तिचा तो प्रश्न रोज न्हाणीघराचं दार लोटताना माझ्या कानांत असतो. तिला द्यायचं उत्तर मी चाळीस वर्षं उशिरा, तुम्हाला देते आहे. मला ठावं होतं, मी सांगितलं नव्हतं.

आता तुम्हालाही ठाऊक झालं. तेव्हा पुढचं पान उलटण्याआधी एवढं करा. उठा, आपल्या न्हाणीघराची खिडकी उघडते का बघून या. आणि तिकडं थंडीत राहणाऱ्या लेकीला आज फोन कराल, तेव्हा स्वेटरचं मागाहून विचारा.